दाहाने कधी थांबावे

जखमेभोवती लाली आणि सूज (म्हणजेच दाह) दिसली की ती घालवण्याची घाई सर्वांनाच होते. ड्रेसिंगला आलेला प्रत्येक दुसरा रुग्ण सूज उतरण्याची गोळी मागतो. आज त्यावर सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ताज्या जखमेतली सूज हेच भरून येण्याचे पहिले काम असते.

कातडी कापली जाताच वरच्या थरातील पेशींत आधीपासून साठवलेले इंटरल्युकिन-१ अल्फा हे संदेशवाहक प्रथिन बाहेर सांडते आणि पहिला सांगावा धाडला जातो. पाठोपाठ टीएनएफ-अल्फा या दुसऱ्या संदेशवाहकामुळे लहान रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते, त्याला धरून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आणि साधारण ४८ ते ७२ तासांत मॅक्रोफेज, म्हणजे मृत पेशी गिळून सफाई करणाऱ्या पेशी, जमतात. यांपैकी खरे महत्त्व कोणाचे, हे संशोधक रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगांवर तपासले. १९७२ च्या प्रयोगात न्यूट्रोफिल काढून टाकले, तरी जंतुसंसर्ग नसलेली जखम भरायची थांबली नाही. १९७५ मध्ये मॅक्रोफेजची संख्या घटवली, तेव्हा मात्र मृत पेशींची सफाई रेंगाळली आणि नवे तंतू विणणाऱ्या पेशीही उशिरा आल्या. हे प्रयोग मला आजही फार देखणे वाटतात.

संदेशवाहक रेणूंची सरळ चांगले-वाईट अशी विभागणी करता येत नाही. इंटरल्युकिन-६ नसलेल्या उंदरांच्या जखमा रेंगाळतात, तर टीएनएफचा एक ग्राहक (त्याचा संदेश स्वीकारणारा पेशीवरचा रेणू) नसलेल्या उंदरांच्या लवकर भरतात. निरोगी जखमेत मॅक्रोफेज मेलेले न्यूट्रोफिल गिळतात आणि त्या गिळण्यातूनच त्यांचा स्वभाव पालटतो; मग ते टीजीएफ-बीटा, इंटरल्युकिन-१० यांसारखे रेणू सोडून बांधणीला हातभार लावतात.

मधुमेहात हा पालट अडकून पडतो. आज ज्या काकांचा तळपाय पाहिला, त्यांच्या जखमेच्या तळाशी चिवट पिवळट थर होता, कडेची कातडी घट्ट्यासारखी जाड आणि पांढुरकी झाली होती, आणि पायाची संवेदना गेल्यामुळे त्यांना दुखत मात्र काहीच नव्हते. अशा जखमेत टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-१ बीटा महिनोन्महिने पाझरत राहतात, एमएमपी-९ सारखी प्रथिने तोडणारी विकरे वाढतात आणि नव्याने विणलेला आधार, तसेच वाढीला चालना देणारी प्रथिने, दोन्ही कुरतडून टाकतात. पीडीजीएफ (वाढीला चालना देणारे असेच एक प्रथिन) असलेले जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर होऊनही या दुखण्याचे चित्र पालटले नाही, त्याचे एक कारण मला हेच वाटते: चरणारी गुरे हाकलल्याशिवाय पेरणी करून काय उपयोग?

थर कापताना रक्ताचे थेंब आले, तेव्हा काका म्हणाले, "डॉक्टर, बरी होत आलेली जखम उगाच उकरलीत." त्यांना सांगितले की साचलेला दाह काढून जखम पुन्हा ताजी करावी लागते, साखर आटोक्यात ठेवावी लागते, आणि त्या पायावर भार टाकला तर हे सारे वाया जाते. जखमेची लांबी-रुंदी केसपेपरवर लिहून ठेवली आहे. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही, तर रक्तपुरवठा आणि हाडातला संसर्ग पुन्हा तपासून उपचार बदलावे लागतील.