तीन अक्षरांत मावणारा माणूस

मी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो, तेव्हाची गोष्ट. आतल्या पानावरच्या एककॉलमी बातमीला मथळा द्यायचा होता. दुचाकी चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी एकाला पकडलं होतं. मी लिहिलं, ‘दुचाकी चोरीतील संशयित ताब्यात’. मथळा काही ओळीत बसेना. मुख्य उपसंपादकांनी मान वर न करता सांगितलं, “संशयित काढ, चोर टाक.” मी म्हणालो, “पण सर, अजून सिद्ध कुठे झालंय?” “मग आरोपी टाक. तीन अक्षरं आहेत.”

संशयित चार, आरोपी तीन, चोर दोन. एका माणसाचा दर्जा कॉलमच्या रुंदीने ठरला आणि मी पुढच्या बातमीकडे वळलो.

‘आरोपी’ मला तेव्हापासून खटकायला लागला, पण आधी खटकला तो व्याकरणासाठी. फिर्यादी म्हणजे फिर्याद करणारा. वादी म्हणजे वाद मांडणारा. त्याच चालीवर आरोपी म्हणजे आरोप करणारा व्हायला हवा की नको? काही हिंदी वर्तमानपत्रं म्हणूनच ‘आरोपित’ लिहितात. संशयाच्या बाबतीत आपणही काटेकोर आहोत: संशय घेतो तो संशयी, ज्याच्यावर घेतला जातो तो संशयित. आरोपापाशी आलो की मात्र गाडी घसरते. संस्कृत शिकवणाऱ्या एका मित्रापाशी ही तक्रार केली, तर तो म्हणाला, “रोगी काय रोग करतो? त्याला रोग झालेला असतो. तसा याला आरोप झालाय.” मी गप्प बसलो. रोगी बरा झाला की त्याला कोणी रोगी म्हणत नाही, हे उत्तर मला फार उशिरा सुचलं.

त्याच मित्राने आणखी एक गंमत सांगितली. आरोप आणि रोप एकाच घरातले. आरोपण म्हणजे लावणं, चढवणं. झाडं लावतो ते वृक्षारोपण. वेदान्तात अंधारातल्या दोरीवर सापाचा आरोप होतो, म्हणजे जे तिथे नाहीच ते तिच्यावर चढवलं जातं. शब्दाच्या पोटातच एवढी शंका असताना आपण तो बिनधास्त वापरतो.

घरगुती मराठीत तर या कामासाठी भरपूर सामान आहे. आळ येतो, बालंट येतं, ठपका ठेवतात, बोल लावतात, किटाळ आणतात, कुभांड रचतात, खापर फोडतात आणि तेही डोक्यावरच. पण ज्याच्यावर हे सगळं येतं, त्याला या भांडारात नाव नाही. आळ आलेला माणूस हा आळ आलेला माणूसच राहतो. आळ टळला की शब्दही टळतो. मला यात जुन्या बोलीचं शहाणपण दिसतं; नाम चिकटलं की निघत नाही, क्रियापद निदान घडून संपतं.

मराठेशाहीतल्या निवाड्यांच्या कागदांत आरोपीची जागा घेणारा एक सुरेख शब्द आहे: पश्चिमवादी. आधी बोलतो तो अग्रवादी, मागून बोलतो तो पश्चिमवादी. बस, एवढाच फरक. त्याने काय केलं असेल याबद्दल नावात चकार शब्द नाही, फक्त त्याची बोलण्याची पाळी दुसरी. आणि त्या काळी ‘गुन्हेगारी’ म्हणजे हरलेल्याने भरायचा दंडही होता. पैसे भरायचे आणि मोकळं व्हायचं! आता ‘गुन्हेगारी’ला जग असतं, विश्व असतं, पार्श्वभूमी असते. दंड भरून ती उतरत नाही.

नामं तरी डोळ्यांना दिसतात. डेस्कवर मला जास्त गुंतवलं ते सर्वनामांनी. भुरट्या चोराची बातमी आली की हात आपोआप लिहितो, ‘त्याला अटक केली’. एखादे माजी पदाधिकारी कोट्यवधींच्या अपहारात सापडले की तोच हात लिहितो, ‘त्यांना अटक करण्यात आली’. एकाचं ‘तो पसार झाला’, दुसऱ्याचं ‘ते संपर्काबाहेर आहेत’. एकाला जेरबंद करतात (जेरबंद हा मुळात घोड्याच्या साजातला पट्टा), दुसऱ्यांना चौकशीसाठी ताब्यात घेतात. दोघेही कायद्यापुढे आरोपीच, दोघांचंही काहीच सिद्ध झालेलं नाही. पण मराठी क्रियापदाला वचन हवंच असतं, आणि ते देताना आपण निकालही देऊन टाकतो. एकदा मी हट्टाने पाकीटमारासाठी ‘त्यांना’ लिहिलं. पानावर गेलं नाही. कोणीतरी ते छपाईची चूक समजून दुरुस्त केलं.

पोलिसांच्या आणि तुरुंगाच्या भाषेत आणखी बारकावे आहेत. शिक्षा लागायची आहे तो कच्चा कैदी, लागली की पक्का. फळासारखं. सरकारी कागदांत कच्च्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. ऐकायला बरं, राहायला तेच. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांहून अधिक माणसं होती आणि त्यांतली 4 लाख 34 हजार कच्ची. म्हणजे चारांतली तीन.

तडीपारीची तऱ्हा आणखी वेगळी. ‘तड’ म्हणजे काठ, किनारा. हाती घेतलेलं काम तडीस नेतात आणि नकोशा माणसाला तडीपार करतात, काठ एकच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली अशी हद्दपारी दोन वर्षांपर्यंत करता येते आणि त्यासाठी दर वेळी आधी शिक्षा झालेली असावीच लागते असं नाही.

या सगळ्या शब्दांचा जिना वर चढणारा आहे: संशयित, आरोपी, दोषी, कैदी, सराईत. उतरायच्या बाजूला काय आहे ते मी बरेच दिवस शोधत होतो. दोषमुक्त आहे, निर्दोष आहे. पण ही विशेषणं, आणि दोन्हींत ‘दोष’ आहेच. आरोपातून सुटून घरी परतलेल्या माणसासाठी चारचौघांच्या तोंडी असलेलं नाम मला सापडलं नाही.

सापडला तो एकच शब्द, आणि तो एका माणसाचा नाही, लाखोंचा. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. काही करायची गरजच नव्हती, जन्मणं पुरेसं होतं. हजेरी लावा, विचारल्याशिवाय वस्ती सोडू नका. 1952 साली 31 ऑगस्टला हा शिक्का कायद्याने पुसला आणि ही माणसं ‘विमुक्त’ झाली. सुंदर शब्द. पण विमुक्त कशातून, असं एखाद्या पोराने विचारलं की पुसलेलं सगळं पुन्हा सांगावं लागतं. ते पोर तो शिक्का पुसल्यानंतर जवळपास पाऊणशे वर्षांनी शाळेत जातंय आणि जातीच्या दाखल्यावर त्याची सुटका लिहिलेली आहे.

त्या दुचाकीवाल्याची बातमी पुन्हा माझ्याच हाती आली, तेव्हा मी दिवसपाळीत होतो. मधे तीनेक वर्षं गेली होती. पुराव्याअभावी न्यायालयाने त्याला सोडलं होतं. वार्ताहराने चार ओळी पाठवल्या होत्या आणि वर मथळाही सुचवला होता: ‘दुचाकी चोरीतील आरोपी निर्दोष’. मी आधी ‘आरोपी’ खोडला. उरलं ‘दुचाकी चोरीतील निर्दोष’, त्याला काही अर्थ राहिना. मग त्याचं नाव घातलं. बसत होतं, पण ते कोण, हे कोणाला आठवणार होतं? ‘संबंधित’ लिहून पाहिलं, ‘तरुण’ लिहून पाहिलं. पान सोडायची वेळ झाली होती. मी ‘आरोपी’ परत घातला. तीन अक्षरं, बरोबर बसली.