झाकण निघंना, आता ओढू का?

"सर, स्क्रू काढला तरी झाकण निघंना झालंय. ओढू का?" जालन्याहून, परभणीहून, कधी आपल्या संभाजीनगरातूनच येणारा हा फोन बहुतेक वेळा एक हात झाकणात घालूनच केलेला असतो. कॉलेजच्या अडगळीतून किंवा वाळूजच्या एखाद्या टूलरूमच्या भंगारातून सन नाहीतर सिलिकॉन ग्राफिक्स या कंपन्यांचं जुनं वर्कस्टेशन, म्हणजे इंजिनिअरिंगच्या कामाचा ताकदवान संगणक, हाती लागलेलं असतं आणि ते न मोडता उघडायचं असतं. तुम्हीही तेच विचारलंत. उत्तर ठरलेलं आहे: आधी हात काढा.

ही मशीनं कंपन्या सर्व्हिसच्या करारावर घ्यायच्या. बिघाड झाला की इंजिनिअर यायचा आणि गिऱ्हाईकाच्या टेबलावरच, काम खोळंबलेलं असताना, मशीन उघडायचा. त्यामुळे ती झटपट उघडतील अशीच बनवलेली आहेत. जोर लागतोय म्हणजे दिशा चुकतेय, किंवा कुठेतरी अजून एक खटका बाकी आहे. टॉर्च घ्या आणि कडेकडेनं बघत जा. आधीच्या इंजिनिअरच्या बोटांनी जिथे रंग झिजलाय, तिथेच बहुधा खटका असतो.

1989 च्या स्पार्कस्टेशन 1 पासून सनची ती चपटी, जेमतेम तीन इंच उंचीची पेटी घ्या. स्क्रू मागे. ते सुटले की मागची कड वर उचलायची, झाकण पुढच्या कडेवर कलतं आणि मग पुढचे आकडे आपोआप मोकळे होतात. आपल्याकडची मंडळी पीसीच्या सवयीनं झाकण सरकवायला जातात आणि आकडे तुटतात. सिलिकॉन ग्राफिक्सच्या 1996 च्या ओटू (O2) या मशीनमध्ये तर मदरबोर्डचा ट्रेच मागून बाहेर ओढायचा असतो. तिथे झाकण उचकटत बसणाऱ्याची मला खरंच कीव येते. एचपीच्या मशीनला सहा पाकळ्यांचा टॉर्क्स स्क्रू असेल, तर त्याच मापाचा ड्रायव्हर आणा. फुलीचा ड्रायव्हर दाबून फिरवलात की खाच गेलीच म्हणून समजा.

आता प्लास्टिक. या पेट्यांच्या एबीएस जातीच्या प्लास्टिकला लवचीकपणा देतो तो त्यातला रबराचा अंश, आणि ऊन, उष्णता, हवा यांनी तोच आधी मरतो. आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढलेलं मशीन दिसायला धडधाकट असलं, तरी त्याचे खटके बिस्किटासारखे झालेले असतात. म्हणून डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी सकाळी हात घालू नका. थंडीत ते आणखी कडक होतं, जरा ऊन चढू द्या. फटीत ड्रायव्हरचं टोक नको, जुनं एटीएम कार्ड सरकवा. वाकताना प्लास्टिक पांढरट पडायला लागलं की तिथेच थांबा. पुढची पायरी तडकण्याचीच असते.

जुन्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा लिहिलेलं असतं की मशीन बंद करा, पण वायर प्लगमध्येच ठेवा, म्हणजे अर्थिंग मिळतं. तिथे ते बरोबर असेल. आपल्या जुन्या घरांत सॉकेटचं तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं. मी वायर काढतो, आणि अंगावरची स्थिर वीज बोर्डात जाऊ नये म्हणून बोर्डाला हात लावण्याआधी दर वेळी उघड्या लोखंडी सांगाड्याला हात लावतो. कोरड्या हवेत सिंथेटिक शर्ट तर नकोच. पॉवर सप्लायचा डबा मात्र बंदच राहू द्या. त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून असतात.

झाकण निघालं की बोटं आवरणं अवघड जातं. सिलिकॉन ग्राफिक्सच्याच 1997 च्या ऑक्टेनमध्ये बोर्ड जोडणारे कनेक्टर बारीक केसाळ गाद्यांसारखे असतात. त्यांवर बोट फिरवलं तरी ते कामातून जातात. धूळ दिसली म्हणून तिथे ब्रश मारू नका.

सनच्या मशीनमध्ये माझी नजर आधी जाते ती एनव्हीरॅमच्या, म्हणजे बॅटरीच्या जोरावर मशीनचे नंबर लक्षात ठेवणाऱ्या चिपकडे. पाठीवर उंचवटा असलेली, सॉकेटमध्ये बसवलेली चिप. बॅटरी त्या उंचवट्यातच बंद असते आणि ती संपली की होस्ट आयडी (मशीनचा स्वतःचा ओळख क्रमांक) व इथरनेट पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) दोन्ही पुसले जातात. त्या काळातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं लायसन्स होस्ट आयडीला बांधलेलं असायचं, म्हणजे नंबर गेला की सॉफ्टवेअरही गेलं. म्हणून मशीन चालू होत असेल तर उघडण्याआधी एकदा चालू करा आणि सुरुवातीला पडद्यावर येणारे हे दोन्ही नंबर वहीत उतरवून घ्या. मग चिपची खाच कोणत्या बाजूला आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा, आणि चिप दोन्ही टोकांनी थोडी थोडी, आळीपाळीनं उचला. एकाच टोकानं उपसलीत तर दुसरीकडचे पाय वाकतात. वाकलेला पाय सरळ करताना तुटला, तर ओ-के प्रॉम्प्टवरून, म्हणजे सन मशीन सुरू होताना आज्ञा टाइप करायच्या जागेवरून, नंबर पुन्हा भरायलाही चिप शिल्लक राहत नाही.