आमची वाटचाल : सुईच्या भोकाने शिकवलेलं काम

आमचं युनिट सोलापूरचं, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, बावीस मशीनचं. वडिलांपासूनचा धंदा शाळेच्या गणवेशाचा. याचा सीझन मार्च ते जून, वर्षाची कमाई त्यातच निघते, आणि २०२० ला मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागलं. कापड कापून पडलेलं, ऑर्डरी कॅन्सल, शिलाईवाल्या बायका घरी बसलेल्या, आणि त्यांची चूल तर पीसरेटवर, म्हणजे नगामागे मिळणाऱ्या मजुरीवर पेटते.

माझी धाकटी बहीण भूलतज्ज्ञ आहे. तिचा फोन आला, "दादा, पेशंटच्या घशात नळी घालताना माझं तोंड त्याच्यापासून वीतभरावर असतं रे, तो खोकला की सगळं अंगावर, आणि इथे आम्ही रेनकोट घालून काम करतोय." त्या रात्री झोप नाही लागली.

मला वाटलं पीपीई किट, म्हणजे डॉक्टर-नर्सना संसर्गापासून वाचवणारा पोशाख, शिवायचंच तर आहे, त्यात काय. लॅमिनेशनवालं नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेलं कापड मिळवलं, कटिंग मास्तरांनी पॅटर्न काढला, कव्हरऑल, म्हणजे किटमधला सगळं अंग झाकणारा सूट शिवून कोइमतूरच्या सिट्रा या कापड संशोधन संस्थेला टेस्टिंगला पाठवला आणि फेल झाला. कापड पास, शिलाई फेल! तिथे रक्तासारखं लाल द्रावण दाबाने सोडून बघतात, पलीकडे उतरलं की संपलं. इंचाला दहा टाके म्हणजे सुईची दहा भोकं, गणवेशात ती कोण मोजतो, पण इथे तेवढ्यातनंच आजार आत जातो.

मग प्रत्येक शिलाईवर गरम हवेने टेप चिकटवायची मशीन शोधली, एका रेनकोटवाल्याकडे जुनी मिळाली. हीट जास्त झाली की कापड आकसतं, कमी झाली की टेप सुटते, आठवडाभर नुसतं वाया गेलं सगळं. शेवटी आमच्या एका अक्कांच्या हाताला ते जमलं, त्या आवाजावरून मशीनचा स्पीड ओळखतात. आम्ही बाहीचं एक टोक बांधून आत पाणी भरायचो, रात्रभर टांगून ठेवायचो, खाली पेपर. सकाळी पेपर कोरडा दिसला त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. पुढचा सॅम्पल पास झाला.

एका व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर देऊ केली, अट एकच, टेप काढा आणि रेट कमी करा. नाही म्हणालो. नंतर सगळीकडे किट झाले, भाव कोसळले, आमचाही माल अंगावर पडला, कर्जाचे हप्ते अवघड गेले, पण त्या निर्णयाचं वाईट कधी वाटलं नाही, कारण आत माझी बहीणच उभी आहे असं धरूनच मी शिवत होतो.

खरी शिकवण तिच्याकडूनच मिळत गेली. किट घालण्यापेक्षा काढताना धोका जास्त, बाहेरची बाजू हाताला लागली की झालं. म्हणून अंगठ्यात अडकवायची लूप दिली, बाही ग्लोव्हजखालून वर सरकत नाही, आणि चेन ओढायची पट्टी लांब केली.

आता शाळा सुरू आहेत, गणवेश परत आले, पण नऊ मशीनवर फक्त ऑपरेशन थिएटरचे गाऊन आणि कव्हरऑल चालतात. सध्या लहान साईजवर काम चालू आहे. नर्सेस म्हणतात मोठ्या किटमध्ये पाय अडकतो, बाही लोंबते, पेशंटला उचलताना त्रास होतो. मास्तरांनी पायाची उंची चार इंच कमी केलीय, पुढच्या आठवड्यात बहिणीच्या वॉर्डातल्या दोघी नर्स घालून बघणार आहेत.