नाट्यवाचनासाठी स्वतःचा मम्बल सर्व्हर

इंदूरच्या आमच्या हौशी नाट्यमंडळातील निम्मे कलाकार नोकरीनिमित्त पुणे-बंगळुरूला स्थायिक झाल्यामुळे वाचनाच्या तालमी आता इंटरनेटवरच होतात. व्हिडिओ कॉलमध्ये सर्वांचे चेहरे दिसतात. परंतु तालमीत अडलेले वाक्य हळूच सांगणारा प्रॉम्प्टर लागतो आणि त्याची सोय तेथे नसते. म्हणून मम्बल हा मुक्तस्रोत व्हॉइस चॅट सर्व्हर इंटरनेटवर भाड्याने घेतलेल्या जागेवर, होस्टिंग पॅनेलमधून (सर्व्हर हाताळण्याच्या वेबपानावरून) सुरू केला.

टेरोडॅक्टिल या पॅनेलमध्ये मम्बल आणि त्याच्यासारखाच टीमस्पीक या दोहोंचे साचे तयार असतात, त्यामुळे सर्व्हर सुरू करणे हे काही मिनिटांचे काम आहे. मम्बलचा ठरलेला पोर्ट (पत्त्यापुढचा दाराचा क्रमांक) ६४७३८ असला, तरी अनेकांत वाटलेल्या आयपी पत्त्यावर होस्ट, म्हणजे जागा भाड्याने देणारी कंपनी, जो देईल तोच पोर्ट घ्यावा लागतो आणि प्रत्येकाला तो पत्त्यासोबत कळवावा लागतो. पोर्ट किंवा सदस्यमर्यादा आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने बदलली, तर सर्व्हर सुरू होताना पॅनेल आपलेच आकडे पुन्हा तेथे लिहिते. सदस्यसंख्या वाढवायची असल्यास ती पॅनेलच्या स्टार्टअप पानावरूनच वाढवावी किंवा तेथे मुभा नसेल, तर होस्टकडून वाढवून घ्यावी. नोड, म्हणजे सर्व्हर ज्यावर चालतो ते यंत्र, शक्यतो मुंबईचा निवडावा, कारण युरोपातील नोडवर आवाज जाऊन येण्यास शंभर मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात हजरजबाबी संवादाची गंमत निघून जाते.

खरे काम यानंतरचे आहे. पॅनेलमधील ‘स्टार्ट’ बटण दाबल्यावर सर्व्हर चालू होतो, खासगी होत नाही. पासवर्डचा रकाना मुळात रिकामा असतो, म्हणजे पत्ता ठाऊक असलेला कोणीही आत येऊ शकतो. तो भरून सर्व्हर पुन्हा सुरू केला, सुपरयूजरचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड बदलला आणि ‘रंगमंच’ व ‘विंग’ असे दोन चॅनेल काढून तेथील प्रवेश केवळ नोंदणीकृत सदस्यांना दिला. पाहुणा पासवर्ड टाकून आला, तरी उंबरठ्यावरच थांबतो. मात्र येथील खासगीपणालाही मर्यादा आहे: आवाज सदस्यापासून सर्व्हरपर्यंत कूटबद्ध असतो, पण सर्व्हरवर तो उलगडला जातो, त्यामुळे होस्टवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

एवढी उठाठेव ज्यासाठी केली, ती सोय म्हणजे ‘व्हिस्पर’. त्यासाठी एक कळ नेमता येते आणि ती दाबून धरली असता आवाज केवळ निवडलेल्या व्यक्तीलाच ऐकू जातो. इंदूरच्या रामबागेत बसलेले आमचे प्रॉम्प्टरकाका ती कळ दाबून अडलेले वाक्य पुटपुटतात, बंगळुरूची नायिका ते अलगद उचलते आणि पुण्याच्या नायकाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्यक्ष तालमीत पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाणारे काकांचे प्रॉम्प्टिंग आठवले, की ही सुधारणा किती मोठी आहे ते कळते.

डेटाचा हिशेबही जड नाही. सेकंदाला ४० किलोबिट या दराने एक जण तासभर अखंड बोलला, तर आवाजाचे १८ एमबी होतात. दहा जणांच्या वाचनात सर्व्हर तोच प्रवाह उरलेल्या नऊ जणांना वेगवेगळा पाठवतो, म्हणजे १६२ एमबी, आणि वर प्रत्येक पॅकेटला (आवाजाच्या तुकड्याला) जोडलेल्या पत्त्याच्या माहितीची भर. कोणाचा आवाज तुटत असेल, तर बहुधा त्याच्या कार्यालयाच्या वायफायवर यूडीपी (आवाज झटपट पाठवण्याची पद्धत) बंद असते; मम्बल तेव्हा टीसीपी या संथ पद्धतीवरून काम भागवते, पण अडखळत.

चॅनेल, नोंदण्या आणि परवानग्या एकाच एसक्यूलाइट (डेटाबेसच्या) फाइलमध्ये असतात. पॅनेलमधील ‘रीइन्स्टॉल’ (सर्व्हर नव्याने बसवणे) दाबण्यापूर्वी ती उतरवून घ्यावी. सदस्यांची ओळख पासवर्डावर नव्हे, तर त्यांच्या उपकरणातील प्रमाणपत्रावर (ओळख पटवणाऱ्या डिजिटल फाइलवर) ठरते; म्हणून फोन बदलणाऱ्याने ते प्रमाणपत्र आधी नव्या फोनमध्ये न्यावे, अन्यथा तो सर्व्हरच्या लेखी परका ठरतो आणि त्याची नोंदणी नव्याने करावी लागते.