नॉमिनेशनचा फॉर्म आणि आजींचा तिसरा हिस्सा

मी डोंबिवलीत हाऊसिंग सोसायट्यांचं मॅनेजरचं काम बघतो, म्हणजे मेंटेनन्सची बिलं, ऑडिट, ट्रान्सफरच्या फायली, सगळंच. ट्रान्सफर म्हटलं की थोडीफार कुरबुर असतेच, पण त्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात जे झालं ते लिहायलाच हवं, कारण नॉमिनी म्हणजे मालक असं आजही निम्मे लोक छातीठोकपणे सांगतात.

चाळिशीतला एक सभासद अचानक हार्ट अटॅकने गेला. मागे बायको, सातवीतली मुलगी आणि म्हातारी आई, वडील आधीच गेलेले. क्रियाकर्म आटोपून महिना झाला असेल नसेल, मोठ्या भावाचा अर्ज आला की मी नॉमिनी आहे, फ्लॅट माझ्या नावावर करा. फाईल काढली तर खरंच, 2008 चा फॉर्म, लग्नाआधी भरलेला, भावाचं नाव, पुढच्या रकान्यात 100 टक्के, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, तरी फॉर्म तोच राहिला. नॉमिनेशन हवं तेव्हा बदलता येतं हो, पण ते सुचायला हवं ना. आणि मृत्युपत्र तर केलेलंच नव्हतं.

कमिटीने सगळ्यांना बोलावलं, आमच्या सोसायटीचं काम बघणाऱ्या वकील मॅडमनाही बोलावलं. भाऊ फॉर्मची झेरॉक्स टेबलावर ठेवून म्हणाला, "यात शंभर टक्के लिहिलंय, अजून काय पुरावा पाहिजे? आणि डाउनपेमेंटला दोन लाख मी दिलेत." मयताची बायको, म्हणजे वहिनी, त्यांचा आवाज कापत होता, त्या म्हणाल्या की नवऱ्याचं घर आहे, माझं आणि माझ्या मुलीचं आहे, यांचा संबंध काय. मयताची आई, म्हणजे आजी, कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं.

मॅडमनी आधी भावाला समजावलं. 2019 मध्ये सहकारी संस्था अधिनियमात हाऊसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातल्या कलम 154ब-13 प्रमाणे नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, खरे वारस किंवा मृत्युपत्राने ज्याला मिळालंय तो सभासद होईपर्यंत. म्हणजे त्याचा अर्ज आम्हाला फेटाळता येत नव्हता, आणि हे ऐकून वहिनी उठून निघाल्याच होत्या. पण तात्पुरता सभासद म्हणजे सांभाळणारा. पत्रव्यवहार त्याच्या नावाने होईल, बिल त्याच्या नावाने निघेल, पण विकायचा अधिकार नाही आणि मालकी तर नाहीच नाही. विम्याच्या पैशांबाबत सुप्रीम कोर्टाने 1984 लाच सांगितलं की नॉमिनी फक्त पैसे घ्यायला असतो, पैसे वारसांचे; 2015 पासून विम्यात नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ते बदललं, पण भाऊ त्यात येत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही डिसेंबर 2023 मध्ये तसाच निकाल आला. दोन लाखांचंही तेच, पैसे दिले असतील तर त्याचा हिशोब वेगळा होईल, पण रजिस्टर्ड ॲग्रीमेंटवर नाव एकट्या धाकट्याचं आहे, भावाला मदत केली म्हणून घरात हिस्सा तयार होत नाही.

मग प्रश्न उरला की वारस कोण. फ्लॅट मयताने स्वतःच्या कमाईतून घेतलेला, वडिलोपार्जित नाही. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर वर्ग एकचे वारस आधी, त्यात बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. वर्ग एकमधलं एक माणूस जरी असलं तरी भावाचा नंबर लागत नाही. म्हणजे बायको एक तृतीयांश, मुलगी एक तृतीयांश आणि आई एक तृतीयांश.

ऑफिसात एकदम शांतता. भाऊ आईकडे बघायला लागला आणि वहिनीही.

वहिनींना हे अजिबात अपेक्षित नव्हतं. त्यांनी जे विचारलं ते माझ्या अजून डोक्यात आहे. "हे घर माझ्या नावावर असतं आणि मी गेले असते, तर माझ्या आईला मिळालं असतं का?" मॅडम म्हणाल्या, नाही. बाई गेली की तिची मुलं आणि नवरा आधी, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर. तिने स्वतः कमावलेलं असलं तरी. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते तिथेच बोललो. 1956 मध्ये काय विचार असेल तो असेल, आज नोकरी करून हप्ते भरणाऱ्या बाईच्या आईला सासरच्यांच्या मागे उभं करायचं हे मला पटत नाही. बायकांनी तर मृत्युपत्र करायलाच पाहिजे, नवऱ्याच्याही आधी.

वहिनींच्या वकिलाने हक्कसोडपत्राचा मसुदा देऊन ठेवला होता, आजींनी सही केली की हिस्सा सुनेकडे. त्यांनी तो पर्समधून काढला. तेवढ्यात कमिटीतले एक काका म्हणाले, "आजी, तुम्हाला या वयात काय करायचंय हिस्सा, देऊन टाका सही." मी त्यांना थांबवलं. हक्क सोडायचा की नाही हे ज्याचा हक्क आहे त्याने ठरवायचं, आणि एकदा ते रजिस्टर झालं की नंतर रडून उपयोग नसतो. आजींनी कागद हातात घेतला, चष्मा नव्हता म्हणून मला वाचून दाखवायला सांगितला, मी सावकाश सगळा वाचला. "कोणत्याही मोबदल्याशिवाय" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग कागद घडी करून सुनेला परत दिला आणि म्हणाल्या, "आत्ता सही नको बाई. माझं नाव राहू दे." थोरल्याने लगेच, "आई मग तू माझ्याकडे चल" म्हटलं, त्यालाही त्यांनी उत्तर दिलं नाही.

पुढचं कागदोपत्री काम. भावाला तात्पुरता सभासद केलं आणि ठरावात स्पष्ट लिहून घेतलं की वारस येईपर्यंतच. वारसा प्रमाणपत्रासाठी कल्याण कोर्टात अर्ज गेला, ते अजूनही 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतं, ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. वेळ लागला, पण मिळालं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर वहिनी, आजी आणि पालनकर्ती आई म्हणून वहिनींमार्फत मुलगी अशी तीन नावं चढली. ट्रान्सफरसाठी सोसायटी जी जास्तीची रक्कम घेते, तो प्रीमियम वारसांकडून घेता येत नाही, तो घेतला नाही. भावाचे दोन लाख वहिनींनी हातउसने म्हणून परत केले आणि तसं लिहून घेतलं, हे मला फार आवडलं.

आता वहिनींना ऑफिसजवळ ठाण्यात घर घ्यायचंय, म्हणून हा फ्लॅट विकायचाय. मुलगी अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असल्यामुळे तिचा हिस्सा आई परस्पर विकू शकत नाही, कोर्टाची परवानगी लागते, तो अर्ज मॅडम तयार करतायत. आजींची सहीही लागणारच. त्या तयार आहेत, अट एकच, ठाण्याच्या ॲग्रीमेंटमध्येही त्यांचं नाव पाहिजे. वहिनी आधी थोड्या नाराज झाल्या, मग हो म्हणाल्या, आणि मागच्या आठवड्यात दोघी एकत्रच येऊन ॲग्रीमेंटची कॉपी घेऊन गेल्या.