काळं विटतं कसं?

गाडी धुतली की तिचा बंपर काळा होतो आणि वाळला की पुन्हा राखाडी. हे लक्षात यायला मला गाडीचं चौदावं वर्ष उजाडावं लागलं. तोवर दर धुण्याला वाटायचं, आज मेहनत फळाला आली. अर्ध्या तासानं येऊन बघावं तर ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी वाळल्यावर जशी भुरकट होते, तसा बंपर.

गाडी त्या वेळची सगळ्यात साधी. बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची कवचं, वायपरखालची जाळी, सगळं रंग न दिलेलं खरबरीत काळं प्लास्टिक. घेताना मी हिशेब केला होता की याला रंगच नाही, तर जायची भीती कसली! पत्र्याचा रंग अजून ठणठणीत आहे. ज्याला रंग नव्हता त्याचा गेला.

लाल विटतो, निळा विटतो, कबूल. पण काळा? ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ असं आपण माणसांबद्दल छातीठोकपणे म्हणतो, आणि या प्लास्टिकात तर कोळशाचाच भाऊबंद मिसळलेला असतो. काजळी. कारखान्याच्या भाषेत कार्बन ब्लॅक. ती नुसती रंगापुरती नसते. ऊन आपल्या अंगावर घेऊन प्लास्टिकला वाचवते. पाण्याच्या काळ्या पॉलिथिलीन पाइपांत २ ते २.५ टक्के काजळी घालतात ती याचसाठी. मग आमच्या बंपरचा राखणदारच पळाला की काय?

एकदा बंपर खाली उतरवावा लागला तेव्हा आतल्या बाजूला बारीक ठसे दिसले: पीपी, ईपीडीएम, टी २०. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम हे रबर, आणि टी २० म्हणजे २० टक्के टाल्क. अंगाला लावायच्या पावडरीत असतं तेच टाल्क. म्हणजे स्वारी पावडर लावूनच जन्माला आली होती, मी उगाच उन्हाला बोल लावत होतो.

तसा दोष उन्हाचाही आहेच. अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पॉलिप्रॉपिलीनच्या लांबलचक साखळ्या तोडतात. वरचा पातळ थर ठिसूळ होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. पूर्वी उजेड सरळ आत जायचा आणि काजळी तो गिळून टाकायची. आता तो भेगांवरच इकडेतिकडे उधळतो आणि आपल्याला पांढुरकं दिसतं. काच पारदर्शक असते पण तिचा चुरा पांढरा दिसतो, तसंच. पाणी त्या भेगांत भरलं की उधळण थांबते आणि बंपर काळा होतो. काजळी बिचारी जागच्या जागी होती. तिच्यापर्यंत उजेडच पोचत नव्हता.

हे कळल्यावर बाजारातल्या निम्म्या बाटल्यांचं गुपित फुटलं. तेल काय, सिलिकोनचं ड्रेसिंग काय, ही सगळी सावकाश वाळणारी पाण्याचीच भावंडं. लावलं की बंपर दिमाखात चमकतो, त्यावर धूळ प्रेमानं चिकटते आणि दोन-चार जोराच्या पावसांत पुन्हा राखाडी.

दुसरा उपाय हीट गनचा. गरम हवेनं वरचा थर जरासा वितळवायचा, म्हणजे भेगा मिटतात. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. गन त्याच्या कितीतरी पुढे जाते. हात सारखा फिरता ठेवायचा, काच आणि पत्र्याच्या रंगापासून लांब राहायचं. मी सगळं पाळलं, फक्त एकदा फोन वाजला म्हणून मान वळवली. मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर तेव्हापासून नाण्याएवढा गुळगुळीत, तकतकीत डाग आहे. तिथला खरबरीतपणा परत आणायचा उपाय मला अजून कुणी सांगितलेला नाही.

शेवटी पुढच्या बंपरसाठी कोटिंगची छोटी बाटली आणली. हे तेलासारखं नुसतं बसून राहत नाही, वाळून कडक होतं. लावायला दहा मिनिटं लागली, त्याआधी घासण्यात सबंध सकाळ गेली. पत्र्याला वर्षानुवर्षं लावलेलं वॅक्स प्लास्टिकच्या खाचांत जाऊन पांढरं पडलेलं होतं. ते जुन्या टूथब्रशनं एकेक खाच करत काढलं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतलं, कारण जराही तेलकटपणा राहिला तर कोटिंग धरत नाही. कडेनं मास्किंग टेप. थोडंथोडं लावायचं आणि जास्तीचं लगेच पुसायचं, नाहीतर ओघळ तसेच कडक होतात. एक ओघळ झालाच. तो कुठे आहे हे मी कुणाला दाखवत नाही.

या कामासाठी नंबर प्लेट काढली होती. तिच्यामागे चौदा वर्षं ऊन न लागलेला एक लांबट चौकोन होता, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा खरा काळा. मी तो मुद्दाम तसाच सोडला होता, शेवटी रंग ताडून बघायला. कोटिंग वाळल्यावर दोन पावलं मागे सरकून पाहिलं. बंपर कुळकुळीत काळा झाला होता आणि त्याच्या मधोमध तो चौकोन फिका, करडा दिसत होता. पुन्हा पाणी मारून पुसून पाहिला. वाळल्यावर तसाच.

गाडी नवी होती तेव्हा बंपर इतकाच काळा होता तर!

कोटिंग थोडं उरलं होतं. बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं, आणि प्लेटचे चारही स्क्रू पिळून टाकले.