गवताला खत

आज नेपिअर (चाऱ्याचं गवत) कापलं आणि मागोमाग युरिया टाकला. बांधावरून आबा म्हणाले, "गवताला खत कोन घालतंय रं?" त्यांच्या काळी गायरानात पावसावर जे उगवलं, ते लाल कंधारी गाईनं खाल्लं, झालं. नेपिअर मात्र दर कापणीला जमिनीतलं नत्र (नायट्रोजन) उचलून नेतं. नुसत्या शेणखतावर भागत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण रानात नुसता वर पडून राहिला, तर बराचसा अमोनिया होऊन उडू शकतो. म्हणून लगेच पाणी सोडलं. (लाईट होती, हे नशीबच!)

एक धास्ती खरी आहे: भरपूर युरिया घातलेल्या गवताला पाण्याचा ताण बसला, तर त्यात नायट्रेट साठून ते खाणारं जनावर दगावू शकतं. नायट्रेट बुडख्यात जास्त साठतं, म्हणून ताणातलं गवत उंचावरून कापायचं. आबांनी उरलेली गोणी आधी कोठीत टाकली, गाय चाटंल म्हणून.